सर्फबोर्ड किती फुटांचा? आधी वजन सांगा, उंचीचं नंतर बघू

नाशिकला समुद्र नाही. तरी कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये आता एखादा तरी सापडतो, जो कर्नाटकातल्या गोकर्णला किंवा मुल्कीला जाऊन लाटेवर उभा राहून आलाय. निदान उभं राहतानाचा फोटो तरी घेऊन आलाय. त्याचं बघून निघणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बोर्ड केवढा घ्यायचा? आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा: आपण फिट आहोत, दर रविवारी सायकलने त्र्यंबकेश्वर करून येतो, मग तो भलामोठा फोमचा बोर्ड आपल्याला कशाला? तो तर लहान मुलांचा असतो ना?

नाही, तो शिकणाऱ्यांचा असतो. त्यात तुम्हीही आलात.

बोर्डाचं माप चुकतं ते एका गैरसमजामुळे. आपण सर्फिंग बघतो ते व्हिडिओत, आणि व्हिडिओत माणूस कायम उभा असतो. प्रत्यक्षात तासभर पाण्यात राहिलात तर उभं राहण्याचा सगळा वेळ मिळून काही मिनिटं भरतात, शिकाऊ माणसाची तर मिनिटंही नाहीत. काही वेळ लाटेची वाट बघण्यात जातो, आणि मोठा हिस्सा पोटावर झोपून दोन्ही हातांनी पाणी मागे सारण्यात जातो. याला पॅडलिंग म्हणतात. लाट मागून येते, तिच्या वेगाच्या जवळपास तुमचा वेग पोचला तर ती तुम्हाला उचलते, नाही पोचला तर खालून निघून जाते. उभं राहणं त्यानंतरची गोष्ट. त्यामुळे बोर्डाचं माप ठरवताना विचारायचा प्रश्न ‘यावर मला तोल सांभाळता येईल का’ हा नंतरचा. आधीचा प्रश्न असा: झोपून वल्हवत मी यावर लाटेइतका वेग पकडू शकेन का?

आणि इथे नाशिकच्या सायकलवाल्यांची गोची होते. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, आणि आपल्या गावात सायकलचा अभिमान आणखी वाढला. चांगलंच आहे. पण सायकलने मांड्या तयार होतात, दम वाढतो, खांदे मात्र होते तिथेच राहतात. पॅडलिंगमध्ये काम करतात ते खांदे, पाठीचे वरचे स्नायू आणि मान. मान तर सतत वर उचलून धरायची असते. शंभर किलोमीटर सायकल मारणारा माणूस वीस मिनिटांच्या पॅडलिंगने गळपटतो, आणि सावरकर तलावावर रोज सकाळी निवांत फ्रीस्टाइल मारणारे साठीचे काका त्याच्या पुढे निघून जातात. फिटनेस दोघांचाही खरा, पण बोर्डाचं माप ठरवताना मोजायचा तो काकांचा.

लिटरचं गणित

बोर्डाच्या अंगावर, बहुतेक वेळा खालच्या बाजूला मधोमध, आकडे लिहिलेले असतात. उदाहरणार्थ: ८ फूट, २२.५ इंच, ३.२५ इंच, ८६ लिटर. पहिले तीन म्हणजे लांबी, रुंदी, जाडी. चौथा म्हणजे बोर्डाचं आकारमान, आणि सगळ्यात कामाचा आकडा हाच. पूर्वी लोक फक्त फुटात बोलायचे. संगणकावर बोर्ड आखायला लागल्यापासून लिटर मोजणं सोपं झालं आणि दुकानात, सर्फिंग शिकवणाऱ्या शाळेत सगळीकडे तीच भाषा रूढ झाली.

पहिल्या तीन आकड्यांचा गुणाकार करून लिटर काढायला जाऊ नका. वरच्या उदाहरणात गुणाकार सुमारे ११५ लिटर येतो, पण बोर्ड म्हणजे चौकोनी खोका नाही. टोकं निमुळती असतात, कडा गोल असतात. फोमच्या जाड बोर्डात गुणाकाराच्या पाऊण हिस्सा उरतो. बारीक शॉर्टबोर्डात तर जेमतेम निम्मा: ६ फूट, १८.५ इंच, २.२५ इंच या मापाचा गुणाकार ४९ लिटर होतो, प्रत्यक्ष बोर्ड निघतो २६ लिटरच्या आसपास.

आता आर्किमिडीज. वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या वजनाचा आधार पाणी तिला देतं. गोड्या पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो. समुद्राचं पाणी खारट, म्हणून थोडं जड: एक लिटर म्हणजे साधारण १.०२५ किलो. गंगापूर धरणात जो बोर्ड ८६ किलो उचलेल तो समुद्रात ८८ किलो उचलेल. हा दोन किलोंचा फायदा फुकटात मिळतो, पण त्यावर बेत आखण्याइतका तो मोठा नाही.

७० किलोचा माणूस धरा आणि फोमचा बोर्ड ६ किलोचा. दोघांचे मिळून ७६ किलो. एवढं वजन तरंगायला सुमारे ७४ लिटर पाणी बाजूला सारावं लागेल. बोर्ड ८६ लिटरचा असेल तर त्यावर पालथं झोपल्यावर १२ लिटरचा भाग पाण्याच्या वर राहतो. म्हणजे बोर्ड पाण्यावर बसतो, पाण्यात रुतत नाही. हात मारला की पुढे सरकतो.

त्याच माणसाला २६ लिटरचा शॉर्टबोर्ड द्या. बोर्डाचं स्वतःचं तीनेक किलो वजन वजा केलं तर तो उचलणार २३-२४ किलो. उरलेल्या ४६ किलोंचं काय? तेवढं तुमचं शरीर स्वतः पाण्यात बुडून सांभाळतं. म्हणजे छाती पाण्यात, मांड्या पाण्यात, बोर्ड पाण्याखाली, आणि हे सगळं लटांबर हातांनी ओढत न्यायचं. स्पर्धेतले सर्फर हे करतात, कारण त्यांचे खांदे रोज तेच काम करतात आणि ते उभ्या, जोरकस लाटेच्या अगदी तोंडाशी जाऊन बसतात. तिथे दोन-तीन हात मारले तरी लाट उचलते.

मग असा बोर्ड त्यांना उभं कसा पेलतो? तरंगून पेलतच नाही. वेगाने पेलतो. लाटेवरून घसरताना पाणी बोर्डाच्या तळावर खालून आपटतं आणि त्याला वर ढकलतं. वेग गेला की शॉर्टबोर्डवाला माणूस उभ्याउभ्या बुडतो. ही गोष्ट एकदा लक्षात आली की पुढचं सगळं सोपं आहे: लिटर लागतात लाट पकडेपर्यंत. पकडल्यानंतर काम करतो तो आकार.

बोर्डात पुरेसे लिटर आहेत की नाही हे आकडा न वाचताही कळतं, आणि त्याची पद्धत नाशिककरांना शिकवायला नको. पावसाळ्यात गोदावरीला पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतो. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. सर्फरचंही तसंच. शांत पाण्यात बोर्डावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसा आणि पाणी कुठवर आलं बघा. मांडीच्या आसपास असेल तर शिकण्यासाठी बोर्ड ठीक. कंबर बुडली तर तो सराव असलेल्या माणसाचा बोर्ड. बरगड्यांपर्यंत पाणी आलं तर किनाऱ्यावर जाऊन बोर्ड बदलून घ्या. शाळेतला माणूस नाही म्हणत नाही.

तुमच्या वजनाला किती लिटर

हा हिशेब ढोबळ आहे, पण कामचलाऊ आहे.

कधीच केलं नसेल, किंवा फक्त किनाऱ्याजवळच्या फेसाळ पाण्यात ढकलून दिल्यावर उभं राहता येत असेल, तर वजनाचे जितके किलो तितके लिटर, आणि त्याच्या वर थोडे. ७० किलोला ७५ ते ९० लिटर. न फुटलेली लाट स्वतःच्या हातांनी पकडून तिच्यावर सरळ जाता येत असेल तर वजनाच्या ०.८ ते ०.९ पट. लाटेच्या कडेकडेने डावीकडेही आणि उजवीकडेही जाता येत असेल, आणि हे नशिबाने नव्हे तर ठरवून जमत असेल, तर ०.६ ते ०.७. त्याखाली, ०.४५ ते ०.५ च्या घरात, वर्षभर आठवड्यातून अनेकदा पाण्यात असणारी माणसं येतात. स्पर्धक त्याहून खाली, ०.३५ च्या आसपास. ते वाचून विसरून जा.

चाळिशी ओलांडली असेल, खांदा दुखरा असेल, किंवा गुडघे आखडलेले असतील, तर जो आकडा आला त्यात आणखी दहा टक्के घाला. इंटरनेटवर याचे तयार कॅल्क्युलेटर मिळतात. ते बरे असतात, पण त्यातले काही थंड पाण्याच्या जागा डोळ्यांसमोर ठेवून बनलेले. तिथे जाड वेटसूट, म्हणजे थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख, घालावा लागतो आणि त्याचं वजन, त्याचा खांद्यांवरचा ताण ते हिशेबात धरतात. आपल्याकडे पाणी कोमट असतं, लायक्राचा लांब बाह्यांचा टी-शर्ट पुरतो.

या कॅल्क्युलेटरांत तुम्ही स्वतःला ‘शिकाऊ’, ‘मध्यम’, ‘तरबेज’ यांपैकी काय म्हणता यावर सगळं अवलंबून असतं, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. ज्यांच्या गावात समुद्र आहे त्यांच्यासाठी ‘मध्यम’ म्हणजे काल जे जमलं ते उद्याही जमेल असा माणूस. आपलं तसं नाही. आपण वर्षातून एखादी खेप करतो, फार तर दोन. गेल्या जानेवारीत शेवटच्या दिवशी तुम्ही न फुटलेली लाट पकडली, मान्य. पण मधल्या दहा-अकरा महिन्यांत खांदे विसरले, झोपलेल्या अवस्थेतून एका झटक्यात उभं राहण्याची सवय गेली, लाट कुठे फुटणार हे ओळखणारी नजरही गेली. म्हणून समुद्रापासून दूर राहणाऱ्यासाठी माझा सरळ नियम: गेल्या खेपेला जिथे संपवलं होतं त्याच्या एक पायरी मागून सुरू करायचं. पहिले दोन दिवस मोठा बोर्ड, मग हवा तर लहान. दोन दिवस मोठ्या बोर्डावर गेले म्हणून कुणी मागे पडत नाही. दोन दिवस छोट्या बोर्डावर एकही लाट न मिळता गेले तर सुट्टी संपलेली असते.

हातात जोर आहे म्हणून छोटा बोर्ड हवाच असं तर अजिबात नाही. हवाईचा ड्यूक कहानामोकू १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलेला माणूस, आधुनिक सर्फिंग जगभर पोचवणारा. त्याचा आवडता बोर्ड १६ फुटांचा होता, कोआ लाकडाचा, वजन सुमारे ५२ किलो. लाकूड जड म्हणून लांबी जास्त, हा भाग आहेच. पण लांब बोर्ड म्हणजे कच्चेपणा असं त्याला कुणी म्हणायला गेलं नसावं.

लांबी, रुंदी, जाडी: प्रत्येकाचं काम वेगळं

लिटर सारखे असूनही दोन बोर्ड पूर्ण वेगळे वागतात. ८० लिटर लांब-अरुंद बोर्डात भरता येतात आणि आखूड-रुंद बोर्डातही.

लांबीमुळे बोर्ड सरळ आणि लवकर धावतो. हात थांबले तरी तो घसरत राहतो, आणि म्हणून लाट थोडी आधी, अजून उतार हलका असतानाच पकडता येते. शिकाऊ माणसाला हा जास्तीचा क्षण फार मोलाचा, कारण उभं राहायला त्याला वेळ लागतो. किंमत अशी की लांब बोर्ड वळवायला जड जातो.

रुंदीमुळे डावी-उजवीकडे डुगडुगणं कमी होतं. २२ ते २३ इंच रुंदी शिकायला चांगली. पण यालाही शरीराची मर्यादा आहे, आणि ती वजनाच्या हिशेबात दिसत नाही. अरुंद खांद्यांची, आखूड हातांची व्यक्ती २४ इंची बोर्डावर झोपली की तिचे हात कडेवरून खाली पाण्यात नीट जातच नाहीत; कोपर कडेला घासतो, पाण्यात फक्त पंजा बुडतो. अशा वेळी बोर्ड कितीही तरंगो, पुढे जात नाही. आपल्याकडच्या पाच फुटांच्या आसपासच्या मुलींना आणि बायकांना शाळेत सर्रास ९ फुटी बोर्ड हातात दिला जातो, कारण तो सगळ्यात सुरक्षित समजला जातो. तिथे ‘याहून अरुंद आहे का?’ एवढं विचारायला हरकत नाही. तपासायची सोपी पद्धत: बोर्डावर पालथं झोपून दोन्ही हात खाली सोडा. कोपरापर्यंतचा हात कडेच्या खाली मोकळा जात असेल तर रुंदी ठीक. बोर्ड एका काखेत धरून उचलता येतो का हेही पाहून घ्या. वाऱ्यात डोक्यावर बोर्ड घेऊन वाळूतून चालणं हा स्वतंत्र व्यायाम आहे.

जाडी लिटर वाढवते, पण फार जाड आणि अरुंद बोर्ड ओंडक्यासारखा लोळतो. दुकानात ‘छोटा आहे पण लिटर भरपूर’ म्हणून दाखवला जाणारा बोर्ड बऱ्याचदा असा असतो. त्यापेक्षा तेच लिटर लांबी-रुंदीत असलेले बरे.

उंचीबद्दल एक जुना नियम अजून फिरतो: आपल्या उंचीपेक्षा दोन-अडीच फूट जास्त. तो पूर्ण चुकीचा नाही, अर्धवट आहे. साडेपाच फुटांचा एक माणूस ५५ किलोचा असतो, दुसरा ९० किलोचा. या नियमाने दोघांना एकच बोर्ड मिळेल आणि त्यातला एक दिवसभर खारं पाणी पिईल. उंचीचा खरा संबंध तोलाशी आहे. उंच माणूस उभा राहिला की त्याचं वजन वर जातं, पायांमधलं अंतरही जास्त लागतं. त्याला थोडी जास्त लांबी-रुंदी उपयोगी पडते. पाच फूट दहाच्या वर असाल तर वजनावरून आलेल्या मापात अर्धा फूट वाढवा. बाकी उंचीला यापेक्षा जास्त महत्त्व देऊ नका.

आणखी एक गोष्ट आकड्यांत लिहिलेली नसते. बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने बघा. पुढचं टोक वर उचललेलं दिसतं. या वाकाला रॉकर म्हणतात. वाक कमी तर बोर्ड सपाट, वेगवान, हलक्या लाटेला चांगला. वाक जास्त तर उभ्या लाटेत टोक पाण्यात घुसत नाही, पण पॅडलिंग मंद होतं. शिकण्यासाठीचे फोम बोर्ड बऱ्यापैकी सपाटच असतात.

तीन-चार माणसं डोळ्यांसमोर धरून

पन्नास किलोची, पाच फूट एक इंच उंचीची कॉलेजातली मुलगी, पोहता चांगलं येतं. हिला ७ ते साडेसात फूट, रुंदी २१ ते २१.५ इंच, ५५ ते ६५ लिटर. हिच्या पोहण्यामुळे ती लवकर पुढे जाईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडा लहान बोर्ड मागायला ती मोकळी.

अंबडच्या कारखान्यात काम करणारा, ६८ किलो, पाच फूट सात, सायकलवाला. ८ फूट, रुंदी २२ च्या वर, ७५ ते ८५ लिटर. याला सगळ्यात जास्त समजवावं लागतं, कारण पोटावर चरबी नाही आणि आत्मविश्वास भरपूर. जायच्या आधी महिनाभर आठवड्यातून तीन दिवस पोहला आणि गच्चीत सतरंजीवर झोपून झटक्यात उभं राहण्याचा सराव केला, तर बोर्डाच्या मापावर घालवलेल्या डोक्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार, ९४ किलो, पाच फूट दहा, शेहेचाळीस वर्षांचा. माल उतरल्याशिवाय घराबाहेर पाय न काढणारा. याला ९ फूट, २३ ते २४ इंच, १०० लिटर किंवा जास्त. शेतातल्या कामाने खांदे मजबूत असतील, पण ८६ लिटरचा बोर्ड याच्या वजनाखाली पूर्ण बुडणार. वर केलेला हिशेब पुन्हा बघा. सगळ्या शाळांकडे एवढा मोठा बोर्ड असतोच असं नाही. निघण्याआधी फोन करून वजन सांगून विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बारा वर्षांचा, ३८ किलोचा मुलगा: साडेसहा-सात फूट, ४५-५० लिटर. याला ९ फुटी बोर्ड देऊ नये. तो बोर्ड लाटेत उलटला की त्या वजनाच्या मुलाला आवरत नाही.

या सगळ्यांसाठी बोर्ड मऊ, फोमचा. पहिल्या दिवसांत बोर्ड तुमच्या स्वतःच्याच डोक्याला लागणार आहे, आणि फायबरग्लासची कड, तळाचे कडक फिन (पाती) यांनी टाके पडतात. आणि एक: बोर्ड म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. पायाला बांधलेली दोरी, म्हणजे लीश, तुटू शकते. पोहता येत नसेल तर कमरेपेक्षा खोल पाण्यात बोर्डाच्या भरवशावर जाऊ नका, तो शंभर लिटरचा असला तरी.

लाट कुठली, यावरही माप

पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो आणि तिथे शिकाऊ माणसाचं काम नाही. आपण जातो ते दिवाळीनंतर. तेव्हा गोवा, गोकर्ण, मुल्की इथे लाटा सौम्य असतात, बऱ्याचदा गुडघ्यापासून कमरेपर्यंत. शिकायला उत्तम. पण सौम्य लाटेत ताकद कमी, म्हणजे ती तुम्हाला उचलण्याआधी तुम्हालाच जास्त वेग घ्यावा लागतो. अशा लाटेत लांब, रुंद, सपाट बोर्डच चालतो. सराव असलेली माणसंही तिथे ९ फुटी लाँगबोर्ड काढतात. पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईजवळच्या कोवलम, महाबलिपुरम किंवा पुद्दुचेरीला, लाट कधी जास्त उभी आणि जोरकस मिळते. तिथे फार लांब आणि सपाट बोर्डाचं टोक पाण्यात घुसण्याची शक्यता वाढते. थोडा आखूड, थोडा वाक असलेला बोर्ड बरा. म्हणजे ‘माझं माप आठ फूट’ असं एकदा ठरवून ते कुठेही चालवता येत नाही.

मापाला दोष देण्याआधी झोपण्याची जागा तपासा. फार पुढे झोपलात तर टोक घुसतं आणि तुम्ही कोलांटी खाता. फार मागे झोपलात तर टोक आकाशाकडे, शेपटी पाण्यात, आणि बोर्ड ब्रेक लावल्यासारखा अडतो. पुढचं टोक पाण्याच्या दोन-तीन इंच वर राहील ती जागा बरोबर. सापडली की छाती कुठे येते ते बघून ठेवा. एवढं करूनही प्रत्येक लाट खालून निघून जात असेल, बसल्यावर पाणी कमरेच्या वर येत असेल, खांदे अर्ध्या तासात भरून येत असतील, तर बोर्ड लहान आहे. उलट, लाट हमखास मिळते पण बोर्ड फक्त सरळ किनाऱ्याकडे पळतो, कितीही वजन टाकलं तरी वळत नाही, आणि फेसाळ पाणी आलं की हातातून हिसकावला जातो, तर आता लहान बोर्डाची वेळ आली. मग एकदम दोन फुटांनी खाली उतरू नका. अर्धा फूट, सात-आठ लिटर, एवढंच. आठ फुटांवरून सहा फुटांवर उडी मारणारे बरेच जण पुढच्या खेपेला परत आठवर दिसतात.

विकत घ्यायचा का?

नाशिकमध्ये राहून? अजून तरी नाही. शाळेच्या फीमध्ये बोर्ड येतोच, वेगळा भाड्यानेही मिळतो, आणि दर दिवशी वेगळं माप वापरून बघता येतं. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगलं काय हवं? शिवाय ८ फुटी बोर्ड घेऊन ठाणे किंवा पनवेलला गाडी बदलून मत्स्यगंधा एक्सप्रेसने मुल्कीला उतरायचं, हे एकदा मनात चालवून बघा. विमानाने न्यायचा तर आधी कंपनीला विचारावं लागतं. इतकं लांब सामान सगळीकडे घेत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या टपावर रुंद पट्ट्यांनी बांधून नेता येतो, पण पट्ट्या फार आवळल्या की फोमवर कायमचे वळ उठतात.

तरी घ्यायचाच असेल तर ८ फुटांचा फोमचा घ्या, वजन जास्त असेल तर ९ फुटांचा. तो घरातल्या सगळ्यांना चालतो आणि तुम्ही कितीही पुढे गेलात तरी सौम्य लाटेच्या दिवशी कामाला येतो. सात फुटांचा देखणा फायबरग्लास सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका; त्याला पडलेली चीर दुरुस्त करणारा माणूस आपल्या गावात शोधत बसावं लागेल. सेकंडहँड बघताना बोर्ड हातात तोलून पाहा. त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा जड लागला तर आत पाणी शिरलंय. वरचा थर अंगठ्याने दाबून बघा. कुठे फुगवटा किंवा पोकळपणा जाणवला तर थर सुटलाय. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बोर्ड ठेवला की नेमकं हेच होतं: आतली हवा तापून फुगते आणि थर उचलते. भिंतीला टेकवून, सावलीत, खोलीतच ठेवा. लीश बोर्डाच्याच लांबीची घ्या. आठ फुटांना आठ फूट. आखूड घेतली तर पडल्यावर बोर्ड सरळ तोंडावर येतो.

भाड्याच्या काउंटरवर वजन खरं सांगा, अंदाजे नको. दिवाळीनंतर जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी काट्यावर उभे राहा. फराळाआधीचा आकडा तिथे कामाचा नाही.